१९७४ ची पद्मिनी: रोजच्या वापरात ठेवावी की ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी?

पद्मिनी७४

नमस्कार मंडळी,

बाबांची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. १९७४ चं मॉडेल, म्हणजे ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं त्याच वर्षीचं. बाबांनी ती १९७९ मध्ये सेकंडहँड घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगखाली गिअर, मूळचा फिकट निळा रंग. आमची तिन्ही भावंडांची बारशी, दहावीचे निकाल, आजीचं शेवटचं पंढरपूर, सगळं या गाडीतून झालं.

बाबा गेल्यावर ती चौदा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून कोणी हात लावला नाही. त्या चौदा महिन्यांनी तिचं जेवढं नुकसान केलं, तेवढं आधीच्या चाळीस वर्षांच्या वापराने केलं नव्हतं. ब्रेकचे चारही व्हील सिलेंडर जाम. टाकीच्या तळाला गंजाचा गाळ. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, त्यामुळे क्लच दाबला तरी गिअर पडेना. डॅशबोर्डमागची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली. टायर एकाच जागी टेकून चपटे झालेले. आणि कव्हर! प्लॅस्टिकच्या त्या कव्हरखाली पावसाळाभर ओल कोंडून राहिली आणि दारांच्या खालच्या कडांचा पत्रा बोटाने दाबला तर आत जाऊ लागला. जुन्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर कधीही घालू नका, हे मी हात जोडून सांगते. सुती घाला, नाहीतर नुसती छपराखाली ठेवा.

नाना पेठेच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्रीकाका आहेत, बाबांची गाडी तेच बघायचे. मी गेले तेव्हा म्हणाले, “गाडी मी करून देतो, पण तू रोज दोन तास इथे येऊन उभी राहायचंस. पुढच्या वेळी मी असेन-नसेन.” चार महिने ऑफिस सुटलं की मी तिथे. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) कशी बघायची, प्लगचा रंग कसा वाचायचा (काळा ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, फिकट चॉकलेटी म्हणजे बरोबर), फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ तोंडपाठ, ब्रेकची हवा कशी काढायची, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं.

एक संध्याकाळ मी विसरणार नाही. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज येत होता. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. एकेक व्हॉल्व्हवर सरकत गेले. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. आधी नुसता गोंगाट ऐकू आला. दहा मिनिटांनी त्यातून आठ वेगवेगळे ठोके सुटे झाले, आणि तिसऱ्या सिलेंडरपाशी एक ठोका बाकीच्यांपेक्षा कोरडा लागला. “तोच,” काका म्हणाले. गॅप बसवली, आवाज गेला.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणून तिची व्हिंटेज नोंदणी करता येईल असं ऐकलं. करावी का? मी ती दर रविवारी मंडईत नेते, महिन्यातून एकदा साताऱ्याला आत्याकडे. मला ती प्रदर्शनात ठेवायची नाही. पण उद्या कोणी ‘जुनी गाडी, भंगारात काढा’ म्हटलं तर हाताशी काही संरक्षण असावं, असंही वाटतं.

---

नियमवाचक

ताई, लेख वाचून आमच्या काकांची अ‍ॅम्बॅसेडर आठवली. नोंदणीबद्दल मला जे पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात फारसा फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. ज्यांची आधीपासून नोंदणी आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्यांना राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ अशी मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. गाडी बघून ठरवायला राज्याची समिती असते.

तुमच्या दृष्टीने कळीचं कलम वेगळंच आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं जाणं-येणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. मंडई आणि आत्याचं घर यात बसत नाही.

साध्या नोंदणीत राहिलात तर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांचं २०२५ मध्ये त्याहूनही वाढलं, म्हणजे खर्च वाढलाय हे खरं. पण महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास होत असेल तर केवळ वयामुळे भंगारात काढावी लागत नाही. दिल्ली परिसराची गोष्ट निराळी आहे, तिथले नियम वाचून इथल्या लोकांनी घाबरून गाड्या विकल्या आहेत.

आणखी एक. ‘व्हिंटेज’ शब्दाचे अर्थ जागोजागी बदलतात. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात १९४० संपण्यापूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडीच व्हिंटेज धरली आहे. त्यामुळे विमा एजंटशी बोलताना गाडीचं साल आधी सांगा, शब्द नंतर वापरा.

माझं मत: वापरायची असेल तर साधीच नोंदणी ठेवा.

---

कुर्ल्याचा

मी कुर्ल्यात वाढलो. प्रीमियरचा कारखाना आमच्या शाळेच्या वाटेवर होता. भोंगा झाला की आई कुकर लावायची.

पद्मिनी सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट लवकर ध्यानात घ्यायला हवी. या गाडीचे पार्ट इतकी वर्षं स्वस्तात मिळत होते ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे नाही, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर, म्हणून ब्रेकशू, क्लचप्लेट, वॉटरपंप, सस्पेन्शनचे बुश यांचा माल सतत बनत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. पेपरात सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. मी त्या आठवड्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पार्टच्या बाजारात जाऊन दोन वॉटरपंप, एक डिस्ट्रिब्युटर, चार कंडेन्सर आणि पुढच्या काचेचं रबर घेऊन आलो.

दुकानदार अजून माल बाळगून आहेत, पण नवा येत नाही. ज्यांना लागणार आहे त्यांनी आत्ता घ्या. विशेषतः काच, रबर, लाइटच्या काचा आणि क्रोमच्या पट्ट्या. इंजिनाचे भाग निदान बनवून घेता येतात, काच बनवून देणारा शोधणं फार अवघड.

---

उद्यमनगरकर

कुर्ल्याचे साहेब बरोबर बोलले, इंजिनाचे भाग बनवता येतात. आमचं काम तेच. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे, वडिलांपासून.

फियाटचं, म्हणजे पद्मिनीचंही, हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक (खालचा भाग) बिडाचा. दोन वेगळे धातू, मधून पाणी फिरतंय. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहिलं की दोन्हीकडून मार बसतो. ब्लॉकमध्ये क्षार साचतात आणि हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. आमच्याकडे हेड येतं तेव्हा गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पट्टीच्या) कडेशी भोकांचा आकारच राहिलेला नसतो, उसाच्या मुळांना हुमणी लागावी तसं कुरतडलेलं दिसतं. मग आर्गॉन वेल्डिंगने भरायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा सरफेस मारायचा. भरणारा माणूस चांगला हवा, नाहीतर हेड वाकतं आणि महिन्यात गॅस्केट पुन्हा फुंकतं.

एवढं सगळं टाळायला काय लागतं? कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. दोन वर्षांनी बदलायचं. बस्स.

हेड उतरवलंच असेल तर व्हॉल्व्हसीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) कडक धातूच्या बसवून घ्या. २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये उशीसारखं काम करायचं. आता शिसं नाही. शहरात सावकाश चालवणाऱ्याला फरक पडायला बरीच वर्षं लागतील, पण घाटात ताणून चालवणाऱ्याच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह आत रुततो, टॅपेटची गॅप मिटत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. ताई, तुम्ही साताऱ्याला जाता म्हणून मुद्दाम लिहिलं.

आमच्याकडे दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक मोटार येते, राजाराम महाराजांच्या काळातली. लहानपणी वडील खांद्यावर घेऊन दाखवायचे. लोक सोनं लुटायला जातात, मी अजूनही आधी गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकायला पुढे सरकतो. इतक्या गर्दीत, इतक्या सावकाश चालून ती तापत नाही, यामागे कोणाचे तरी वर्षभराचे हात आहेत.

---

पद्मिनी७४

सगळ्यांचे मनापासून आभार. नियमवाचक, तुमच्या उत्तराने अर्धं ओझं उतरलं.

उद्यमनगरकर दादा, घाटाचं लिहिलंत म्हणून सांगते. मागच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला खंबाटकी चढताना अर्ध्यात गाडी ओढेनाशी झाली. आधी दोन आचके, मग बंद. रेडिएटरचं पाणी ठीक, काटा लाल पट्ट्याच्या खाली. मागून ट्रक हॉर्न देतायत, आत आई आणि भाची. काकांनी शिकवलेलं आठवलं: ठिणगी बघ, मग पेट्रोल बघ. प्लगची वायर काढून बघितली तर ठिणगी निळी, खणखणीत. कार्बोरेटरकडे येणारी नळी सुटी करून स्टार्टर मारला तर पेट्रोलऐवजी नुसते बुडबुडे. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, तो इतका तापला होता की आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती आणि पंप वाफच ओढत होता. आईने तिच्या पाण्याच्या बाटलीत नॅपकिन भिजवून दिला, पंपाला गुंडाळला, पंधरा मिनिटं थांबलो. पहिल्या स्टार्टला सुरू झाली.

तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटे पाचला निघते. आणि बॉनेटखाली कायम दोन पंचे ठेवलेले असतात.

माझा पुढचा प्रश्न पेट्रोलबद्दल. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आहे. काय करता तुम्ही?

---

कार्ब_जेट

इथेनॉलचे दोन त्रास आहेत, त्यावर उपाय वेगवेगळे.

पहिला, रबर. पंपातला पडदा, पेट्रोलच्या नळ्या, वॉशर हे सगळं इथेनॉलचा विचार न करता बनवलेलं. ते फुगतं, मऊ होतं, मग चिरतं. नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून सालं सुटतात, ती जाऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतात. मी सगळ्या नळ्या विटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घातल्या. पंपाचा पडदा दरवर्षी उघडून बघतो, जास्तीचा एक डिकीत असतो. हा विषय गांभीर्याने घ्या, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. एक छोटं अग्निशामक सीटखाली हवंच, आणि ते कसं वापरायचं हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

दुसरा, पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी जमतं आणि तिथूनच गंज लागतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत हवाच कमी राहते. महिनाभर बाहेर जाणार असाल तर कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका. बाकी उपाय एकच, गाडी चालवा. दर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं सगळ्यात वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, ऑइल पातळ होतं, बॅटरी भरत नाही.

---

स्टुटगार्ट_निवासी

इथे जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, चांगल्या स्थितीतल्या गाडीला नंबरप्लेटवर शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. १९९७ पासूनची पद्धत. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, शहरांच्या प्रदूषणमुक्त क्षेत्रांत प्रवेश, आणि दर दोन वर्षांनी सगळ्यांसारखीच तपासणी. मुख्य म्हणजे, रोज चालवायला बंदी नाही. आमच्या गल्लीतल्या आजी जुन्या मर्सिडीजने भाजी आणतात. आपल्या नियमात ‘नियमित वापर नाही’ हे कलम का घातलं असेल ते मला समजू शकतं, पण त्यामुळे गाडी कपाटातल्या पैठणीसारखी घडीवर विरण्याची भीती आहे. वारशाचा मान द्यायचा तर चालण्याची मुभाही द्यायला हवी.

पद्मिनी७४ ताई, तुमचा खंबाटकीचा प्रसंग वाचून एक सांगावंसं वाटलं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी मोटारने गेल्या. शंभरेक किलोमीटर. इतका लांबचा मोटारप्रवास त्याआधी कोणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं तेव्हा वीस्लॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. त्या दुकानासमोर आज स्मारक आहे, मी दोनदा जाऊन आलो. तुम्हाला घाटात ओला नॅपकिन देणारी आई त्याच रांगेतली.

---

उद्यमनगरकर

फार सुंदर माहिती. फक्त नवीन मंडळींसाठी एक: नळी पिनेने साफ केली तर चालेल, पण कार्बोरेटरच्या जेटमध्ये पिन, तार, सुई काहीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते आणि कारण सापडत नाही. जेट काढा, पेट्रोलमध्ये बुडवा, हवा मारा, उजेडाकडे धरून आरपार बघा.

---

हेरल्डवाला

माझी स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासला बनलेली. आमचा त्रास उलटा आहे. इथे पार्ट जवळजवळ नाहीत, पण मूळ ट्रायम्फ हेरल्ड विलायतेत अजून भरपूर जिवंत असल्यामुळे तिकडे नवे पार्ट बनतात आणि यांत्रिक भाग बरेचसे जुळतात. पुतण्या दरवर्षी येताना बॅगेत घेऊन येतो. आख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, त्यामुळे पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. ते सुख फार थोड्या गाड्यांत मिळतं.

चालवण्याबद्दल कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्या जुन्या गाड्यांचे ब्रेक बहुधा चारही चाकांना ड्रमचे असतात. लांबच्या उतारावर सतत दाबून ठेवले की तापतात आणि पकड जाते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पुढच्या गाडीपासून नव्या गाडीत ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. कोणीतरी मध्ये घुसेलच, घुसू द्या आणि पुन्हा अंतर वाढवा. टायरची नक्षी बघू नका, बनल्याची तारीख बघा. ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

---

पद्मिनी७४

हेरल्डवाले काका, अगदी खरं. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचा वेग जुळवून घेणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हे मला बाबांनी शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं ते उगाच ओरडतात. आता भाची शेजारी बसून शिकते आणि मी तेच वाक्य त्याच आवाजात म्हणते.

निर्णय झाला. साध्या नोंदणीतच ठेवायची. मागच्या गुरुवारी तपासणीला नेली. तिथल्या एका माणसाने गाडी न बघताच “एवढी जुनी कशाला आणता” म्हटलं, त्याचा राग आला. पण तपासणारे साहेब स्वतः बॉनेट उघडून दहा मिनिटं बघत राहिले. ब्रेक, लाइट, हॉर्न, धूर, सगळं पास. पुढची पाच वर्षं मिळाली.

कुर्ल्याचा यांचं वाचून शनिवारी मुंबईला जाऊन आले. पुढची काच मिळाली, मागची नाही. कोणाकडे असेल किंवा कुठे दिसली तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आणखी एक काम सुरू केलंय. मिस्त्रीकाकांना डोळ्यांचा त्रास सुरू झालाय, पॉइंटची गॅप आता त्यांना दिसत नाही. म्हणून दर शनिवारी मी वही घेऊन बसते. ते सांगतात, मी लिहिते आणि हाताचे फोटो काढते. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर झाला. पुढच्या शनिवारी गिअरच्या लिंकेजचं (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचं) ट्यूनिंग आहे, ते पुण्यात आता किती जणांना नीट येतं देव जाणे. कोणाला बसायचं असेल तर या, सकाळी नऊला. कपडे जुने घाला, ग्रीसचा डाग जात नाही.